हात आधी पडता

काकांनी तिसऱ्या मिनिटाला हात वर केला. "थांबव गो जरा."

मी थांबवलं. पडवीत लाकडी स्टुलावर लॅपटॉप, समोर बाकड्यावर काका, बाहेर श्रावणातला संपत आलेला पाऊस. चतुर्थीला आठ दिवस होते. काकांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त मी सव्वीस मिनिटांची एक फिल्म जुळवून आणली होती. पंधरा-वीस जणांच्या घरांतून, कपाटांतून, जुन्या फोनांतून गोळा केलेले त्यांच्या भजनांचे तुकडे. गणपतीत पाहुणे जमले की मागच्या खळ्यात पांढरी चादर बांधून ती सगळ्यांना दाखवायची असं ठरलं होतं. त्याआधी एकदा त्यांच्या नजरेखालून जावी एवढ्यासाठीच मी लवकर गावी आले होते.

"परत मागे ने."

मी दहा सेकंद मागे नेलं. पडद्यावर तेच होते, २०२३ मधले. मांडीवर पखवाज, उजवा हात शाईवर, डावा कणकेवर, बाजूला भजन गाणारे बुवा आणि मागे झांजवाले. काकांनी मान थोडी तिरकी केली आणि डोळे अर्धे मिटले. गजर रंगात आला तसे पुन्हा उघडले.

"हात आधी पडता," ते म्हणाले. "थाप मागसून येता."

मी ती फिल्म निदान आठ वेळा पाहिली होती. तुकडे कुठे जोडलेत, नावं बरोबर आहेत का, कुणाचा चेहरा राहिला नाही ना, सगळं तपासलं होतं. हे मला दिसलं नव्हतं. त्या रात्री हेडफोन लावून, आवाजाची लाट आणि चित्र दोन्ही मोठी करून मी ते ठिकाण मोजलं. हात पखवाजाला टेकतो त्यानंतर १२० मिलिसेकंदांनी थाप ऐकू येत होती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची याविषयी १९९८ ची एक शिफारस आहे. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवायला लागतं, असं तिच्यात दिलं आहे. मागे पडलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण जगात आवाज उशिरानेच येतो. आधी वीज दिसते, मग गडगडाट. मांडवात सतरा मीटर मागे बसलेल्या माणसालाही पखवाज पन्नास मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि त्याचं काही बिघडत नाही. पण काका कधी मागे बसलेच नाहीत. पन्नास वर्षं त्यांचा कान पखवाजापासून दीड हातावर होता.

ही चूक कुठून आली ते कळायला मला पुढचे चार दिवस लागले. मात्र हे सगळं सुरू झालं होतं त्याच्या तीन महिने आधी, ठाण्यात.

चुलतभावंडांना निरोप गेले तेव्हा मला वाटलं होतं, फायली आल्या की एका संध्याकाळचं काम. एकेचाळीस फायली आल्या. त्या एका फोल्डरात टाकल्या, एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, सगळ्या निवडून इम्पोर्टचं बटण दाबलं. एकोणीस आत आल्या. अकरा सॉफ्टवेअरने घेतल्याच नाहीत. काहींचा आवाज आला, चित्र काळं. काहींचं चित्र आलं, आवाज गायब. एक फाइल चौदाशे एमबीची, आणि तिची लांबी शून्य सेकंद दाखवत होती.

प्रत्येक ठिकाणी संदेश एकच: फॉरमॅट चालत नाही. हा संदेश माणसाला घाबरवतो. फाइल खराब झाली, आठवण गेली, असं वाटतं. माझ्या एका चुलतबहिणीने तिच्याकडच्या दोन फायली "उघडत नाहीत, बिघडल्यात" म्हणून पाठवायच्या आधीच पुसून टाकल्या होत्या. त्या २००५ च्या होत्या. त्या बारीचं, म्हणजे भजनाच्या त्या सामन्याचं, दुसरं चित्रण कुणाकडेच नाही. म्हणून हे मी अगदी कळकळीने लिहिते आहे: उघडत नाही याचा अर्थ बिघडली असा नाही. बहुतेक वेळा आत सगळं शाबूत असतं, फक्त समोरच्या सॉफ्टवेअरला ते वाचता येत नसतं.

आमच्या गावच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर हॉर्लिक्सच्या बाटल्यांची रांग आहे. एकीत तिरफळं, एकीत कुळथाचं पीठ, एकीत सोलं. लेबलावरून आत काय ते कळत नाही, झाकण उघडून हुंगावं लागतं. व्हिडिओ फाइलचं तेच. नावाच्या शेवटी असतं ते एव्हीआय, एमओव्ही, एमपी४ म्हणजे बाटली. आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या पद्धतीने. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एव्हीआय ही बाटली १९९२ पासून चालत आली आहे आणि या तेहतीस वर्षांत तिच्यात लोकांनी काय काय भरलं याला सुमार नाही. माझ्याकडे आलेल्या तीन एव्हीआय फायलींत तीन वेगवेगळे कोडेक निघाले. नाव बदलून एव्हीआयचं एमपी४ केलं तर फक्त लेबल बदलतं. मी तेही करून पाहिलं होतं.

झाकण उघडायला मीडियाइन्फो नावाचं एक छोटं, फुकट मिळणारं साधन आहे. फाइल त्यावर टाकली की ते सांगतं: चित्राचा कोडेक कुठला, आवाजाचा कुठला, सेकंदाला किती फ्रेम म्हणजे सुटी चित्रं, त्या सारख्या अंतराने आहेत की नाहीत. ते लावल्यावर मी पहिल्यांदा वही घेतली आणि एकेचाळीस फायलींचा तक्ता केला. तक्ता झाला तशी भीती गेली. आता माझ्यासमोर एक अडचण नव्हती, पाच-सहा वेगवेगळ्या अडचणी होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो २००१ च्या व्हीसीडीवर. त्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या देवळाच्या वार्षिकाला डबलबारी झाली होती. दोन बुवा समोरासमोर आणि आमच्या बाजूला पखवाजावर एक्कावन वर्षांचे काका. शूटिंगवाल्याने तीन व्हीसीडी करून दिल्या होत्या, त्यांतली मधली माझ्या आतेभावाकडे, जरीच्या साड्यांच्या कपाटात सापडली. व्हीसीडी आत घातली की एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात शेवटी डॅट असलेली एक मोठी फाइल. माझी कॉपी होताना साठ टक्क्यांच्या आसपास अडकायची. मग ड्राइव्ह घरघर करायचा आणि डेटा एरर यायची. पाच वेळा केलं. पाचही वेळा तिथेच.

याचं कारण मला नंतर कळलं आणि ते कळल्यावर त्या चकतीविषयी थोडी माया वाटली. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे चकतीच्या एकेका कप्प्यात, २०४८ बाइट माहिती असते आणि बाकीच्या जागेत ओरखडा पडला तर दुरुस्ती करायची जादा सोय. व्हीसीडीत चौऱ्याहत्तर मिनिटांचं चित्रण बसवायचं म्हणून चित्र-आवाजाच्या सेक्टरमधली ती जादा सोय काढून २३२४ बाइट भरले गेले. व्हिडिओत एखादा ठिपका चुकला तर चालतं, असा हिशोब. बरोबरच होता तो, टीव्हीसमोर बसून पाहायचं असेल तर. पण कॉपी करणाऱ्या कॉम्प्युटरला एकही बाइट चुकलेला चालत नाही. तो अडून बसतो.

मी चकती साबणाच्या पाण्याने धुतली आणि मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली. गोल पुसायची नाही. गोल ओरखडा एकाच ठिकाणची सलग माहिती खातो, आडवा ओरखडा थोडी थोडी खातो. तरी होईना. शेवटी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडचा जुना डेस्कटॉप आठवला. त्याच्या ड्राइव्हने ती चकती तिसऱ्या प्रयत्नात पूर्ण वाचली. एका ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला येतं, हे सीडीच्या बाबतीत खरंच आहे. टाकून देण्याआधी तीन-चार ड्राइव्ह तरी बदलून पाहावेत.

आत निघालं ते एमपीईजी-१. ३५२ बाय २८८ ठिपके, सेकंदाला २५ फ्रेम. माझ्या सॉफ्टवेअरने डॅट घेतलं नाही. तेव्हा एफएफएमपेगला सांगितलं की चित्र-आवाजाला हात न लावता फक्त बाटली बदल. हे साधन २००० साली फॅब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं आणि आज निम्म्या जगाचा व्हिडिओ कुठे ना कुठे त्यातून जातो. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते म्हणून माणसं बिचकतात, मीही बिचकले होते. पण बाटली बदलायला त्याला अर्धं मिनिट लागलं, आणि फाइल टाइमलाइनवर अलगद येऊन बसली. चेहरे धूसर, रंग उडालेले, पण पखवाज काय सुरेख ऐकू येत होता! व्हीसीडीने चित्रात काटकसर केली, आवाजात फारशी केली नाही.

याच्या अगदी उलट २००८ चा मोबाइल. थ्रीजीपी, १७६ बाय १४४, पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. आवाज येतच नव्हता, कारण तो एएमआर पद्धतीचा होता आणि माझ्या सॉफ्टवेअरला ती पद्धत ठाऊक नव्हती. बदलून घेतला तेव्हा आला. पण तो ऐकून काका म्हणाले, "ह्यो पखवाज न्हय गो. डबो वाजता." त्यांचं अक्षरशः खरं होतं. एएमआर ही बोलण्यासाठी केलेली पद्धत. वीस मिलिसेकंदांचा एकेक तुकडा घ्यायचा, त्यात माणसाच्या आवाजाला लागतं तेवढं ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं. साधारण २०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं त्यात राहत नाही. डाव्या पुडीवर कणीक लावून जो घुमारा काढायचा, तो राहतो खाली. झांजेची लखलख राहते वर. दोन्ही फोनने त्याच रात्री टाकून दिलं होतं. ते आता कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, आणि कुणी आणून देतो म्हटलं तर ते त्याने बनवलेलं असेल, काकांनी वाजवलेलं नसेल. मी तो तुकडा बारा सेकंदच ठेवला. बुवांचा आवाज मात्र त्यात स्वच्छ आहे.

भाच्याच्या नव्या फोनवरचे तुकडे काळे दिसत होते, त्यांचं फार सांगण्यासारखं नाही. एचईव्हीसी ही २०१३ मध्ये मंजूर झालेली पद्धत, तिच्या पेटंटचे परवाने बऱ्याच ठिकाणी विखुरलेले, म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती सरसकट मिळत नाही. बदलून घेतलं, झालं. एवढंच पाहायचं की चॅटवर व्हिडिओ म्हणून पाठवायचं नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. नाहीतर वाटेतच त्याचं पाणी होतं.

मग ती शून्य सेकंदांची फाइल. २०१६ च्या वैशाखातली बारी. आमच्या मंडळाच्या तेव्हाच्या बुवांची ती शेवटची मोठी बारी, पुढच्या वर्षी ते गेले. चुलतभावाने फोन खांबाला बांधून सलग चित्रण केलं होतं आणि शेवटी फोनची बॅटरी संपली. चौदाशे एमबी फाइल, पण व्हीएलसीसुद्धा ती उघडेना. व्हीएलसी सहसा काहीही वाजवतो, तेव्हा माझा धीर सुटला होता.

एमपी४ मध्ये चित्र-आवाज येईल तसा लिहिला जातो आणि कुठली फ्रेम कुठून सुरू होते याची अनुक्रमणिका असते. ती बहुतेक फोन अगदी शेवटी, चित्रण थांबवल्यावर लिहितात. बॅटरी आधीच गेली तर पानं सगळी आहेत आणि अनुक्रमणिका नाही. अशा पुस्तकाला कुठलंही सॉफ्टवेअर हात लावत नाही. यावर अनट्रंक नावाचं एक साधन आहे. त्याला त्याच फोनने, त्याच सेटिंगवर घेतलेली एक धडधाकट फाइल दाखवावी लागते. त्या फाइलची अनुक्रमणिका कशी आहे ते पाहून ते तुटलेल्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने मांडतं.

फोन भंगारात गेलेला. चुलतभावाने चार दिवस जुनी मेमरी कार्डं धुंडाळली आणि एका कार्डावर त्याच महिन्यातला एक व्हिडिओ मिळाला. चाळीस सेकंदांचा. घरामागचा फणस उतरवतानाचा. दोरीने बांधलेला फणस हळूहळू खाली येतोय आणि काकी खालून ओरडतेय, सांभाळून रे. त्या फणसाच्या आधारावर बारी उघडली. एक तास अठ्ठावीस मिनिटं. शेवटचे काही क्षण नाहीत, पण बुवा आहेत. मी ती रात्री दोन वाजता बघितली आणि चुलतभावाला तेवढ्या रात्री फोन केला. तो काही बोललाच नाही बराच वेळ.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. मूळ फायलींची एक प्रत एका डिस्कवर आणि एक दुसऱ्या डिस्कवर, वेगळ्या घरात. त्यांना एडिटिंगच्या वेळी हात लावायचा नाही. जे बदलायचं ते तिसऱ्या प्रतीत. कारण बदलून घेतलेली फाइल दिसायला सारखी असली तरी दर बदलाला थोडं झिजतं, आणि आज मला न दिसणारी झीज उद्या कुणा काकांच्या कानाला जाणवणारच.

मिनीडीव्हीच्या कॅसेटीने मला वेगळंच काही दाखवलं. २००४ मधली, एका मामेभावाने नव्या कॅमेऱ्यावर घेतलेली. ती उतरवायला फायरवायरचं पोर्ट लागतं, जे माझ्या लॅपटॉपला नाही. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो आणि तेरा जीबी जागा. ठाण्यातल्या एका दुकानदाराने करून दिलं. टाइमलाइनवर आली तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. सगळी माणसं जरा उभट, कारण ७२० बाय ५७६ च्या त्या चित्रातले ठिपके चौकोनी नसतात. ते सॉफ्टवेअरला सांगितलं की माणसं आपल्या अंगावर येतात. आणि दुसरं, काकांचा हात वेगात चालला की त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा.

त्या रेघा काढून टाकायचं बटण असतं. मी दाबणार होते. मग वाचलं की त्या रेघा म्हणजे दोष नव्हे. जुन्या टीव्हीच्या पद्धतीत प्रत्येक फ्रेममध्ये दोन क्षण विणलेले असतात, विषम ओळींत एक आणि सम ओळींत दुसरा. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे खरं तर ५० क्षण. साधं बटण दाबलं तर अर्धे फेकले जातात. हळू बोलणाऱ्या माणसाला काही फरक पडत नाही, पण लग्गीतला, म्हणजे जलद लयीतला, पखवाजाचा हात ५० क्षणांत जेवढा दिसतो तेवढा २५ त दिसत नाही. म्हणून मी ते दोन्ही क्षण सुटे करून घेतले आणि सगळी फिल्मच सेकंदाला ५० फ्रेमची केली. एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या तुकड्यात काकांची बोटं जितकी स्पष्ट चालताना दिसतात तितकी पुढच्या कुठल्याच चित्रणात दिसत नाहीत. हे मी पुतणीच्या आंधळ्या प्रेमाने म्हणत नाही, फ्रेम मोजून म्हणते.

आता परत त्या पडवीत. काकांनी बोट ठेवलं होतं ते २०२३ च्या चित्रणावर. आणि ते त्या एकोणीसांतलं होतं जे पहिल्याच दिवशी विनातक्रार आत आलं होतं. इतके दिवस मी न उघडणाऱ्या फायलींशी झुंजले आणि खरी चूक निमूटपणे आत येऊन बसलेल्या फाइलमध्ये होती. जी फाइल नकार देते ती निदान सांगते तरी.

तपासायची रीत मी आधी वाचली होती, पण लावली नव्हती. चित्रपटवाले पाटी आपटतात ना, तसं काहीतरी हवं असतं जे दिसतं आणि ऐकूही येतं. माझ्याकडे झांज होती. झांजेच्या दोन वाट्या टेकतात ती फ्रेम शोधायची आणि आवाजाच्या लाटेत तिचा काटा शोधायचा. हे तुकड्याच्या सुरुवातीला करायचं, मध्ये करायचं आणि शेवटी करायचं. तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर सोपं आहे, आवाज तेवढा सरकवला की झालं. फरक वाढत जात असेल तर दुखणं वेगळं. माझ्या आठ मिनिटांच्या तुकड्यात सुरुवातीला फरक शून्य होता, तिसऱ्या मिनिटाला १२० मिलिसेकंद, शेवटी २००.

पहिल्या दिवशी मी आवाजच थोडा आवळून बसवला. सुरुवात जुळली, शेवट जुळला, आणि मधे पुन्हा थाप भरकटली. कारण फरक सारख्या गतीने वाढत नव्हता. मीडियाइन्फो पुन्हा लावलं आणि तेव्हा ती ओळ दिसली जी मी तीन महिन्यांपूर्वी वहीत उतरवून विसरले होते: फ्रेमचा वेग अस्थिर.

फोनचा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो, पण घेतोच असं नाही. अंधार झाला की प्रत्येक फ्रेमला उजेड जास्त वेळ लागतो, म्हणून तो वेग कमी करतो. त्या रात्री मांडवातले दिवे मधूनच मंद व्हायचे, जनरेटरवर होते. दिवे मंद झाले की फोन चोवीस-पंचवीसवर यायचा, पेटले की पुन्हा तीसवर. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ प्रामाणिकपणे लिहिलेली असते, म्हणून फोनवर किंवा व्हीएलसीत पाहिलं तर सगळं जुळलेलं दिसतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र कधी कधी त्या वेळा न बघता सगळ्या फ्रेम एका सरासरी अंतराने मांडतं. दिवे उजळ असतानाच्या फ्रेम लांबतात, मंद असतानाच्या आखडतात. आवाज आपल्या गतीने चाललेला असतो. वादक एका लयीत आणि झांजवाला दुसऱ्या, असं ते.

उपाय इम्पोर्ट करण्याच्या आधी करायचा. हँडब्रेक नावाच्या फाइल बदलून देणाऱ्या साधनात फाइल घालायची, फ्रेम रेटच्या खाली 'कॉन्स्टंट' निवडायचं आणि नवी फाइल काढायची. तो मूळ वेळा पाहून जिथे फ्रेम कमी आहेत तिथे पुन्हा भरतो. शॉटकटसारखी काही फुकट सॉफ्टवेअर अशी फाइल आली की स्वतःच विचारतात, एडिटिंगला सोयीची करून देऊ का. हो म्हणावं. फाइल कितीतरी पटींनी मोठी होते, पण कापताना अडखळत नाही.

गावात वीज जाऊन येऊन होती. एका तुकड्याला दीड तास लागत होता आणि माझे असे सात तुकडे निघाले. काका अधूनमधून येऊन बसायचे. ते पडद्याकडे बघायचे नाहीत, झांज आणि थाप ऐकत मांडीवर बोटाने मात्रा धरायचे, आणि जिथे बोट थबकेल तिथे मी खूण करायचे. त्यांच्या बोटाने सांगितलेल्या नऊ जागांपैकी आठ मोजल्यावर चुकीच्याच निघाल्या. काकी उसळीचे काळे वाटाणे निवडत ऐकत होती. ती एकदाच म्हणाली, माणूस पंचाहत्तरीला आला तरी परीक्षा काही संपत नाही.

नववी जागा २००१ च्या व्हीसीडीतली होती. गजर चढलेला, समोरच्या बाजूने टाळ्या, आणि काकांचं बोट थबकलं. मी झांजेचा काटा मोजला, हाताची फ्रेम मोजली. दोन्ही तंतोतंत जुळत होते. सुरुवातीला जुळत होते, शेवटी जुळत होते. फ्रेमचा वेग स्थिर २५, त्यात अस्थिर व्हायला काही नव्हतंच. तरी मी ती फाइल पुन्हा बाटली बदलून घेतली, मूळ चकतीच्या प्रतीवरून. तेच. काकांना परत ऐकवलं. त्यांनी तिसऱ्यांदा ऐकताना पडद्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट, त्या धूसर, काळ्याभोर केसांच्या माणसाकडे.

"फाइल बरी आसा गो," ते म्हणाले. "थयसर मीच चुकलंय."

मी पुन्हा लावलं. आता मलाही ऐकू आलं. झांज समेवर आणि काकांची थाप तिच्या एक केसभर मागे. हात आणि आवाज एकत्रच, दोघेही उशिरा.

"काका, काढू काय तेवढं?"

त्यांनी मांडीवरचं बोट उचललं, ती ओळ मनात पुन्हा एकदा वाजवली असावी.

"काढू नको. रवांदे."